सारेचा आठवडा

अंबरनाथच्या बागेत तो म्हातारा दर शनिवारी बाकावर यायचा. ज्यू होता, मराठी आपल्यासारखंच बोलायचा. शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, रिक्षात बसायचं नाही म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी चालत यायचा. माझी बायको गेल्यावर मी पोराचं ठरलेलं लग्न थांबवलं, हे मी त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "आमच्या धर्मग्रंथाच्या या आठवड्याच्या वाचनात अब्राहामाची बायको सारा मरते. अब्राहाम रडतो, मग उठतो, तिला पुरतो आणि मुलासाठी मुलगी बघतो."

"तुमची जिवंत असेल, म्हणून बोलता."

"तिला जाऊन अकरा वर्षं झाली हो. दरवर्षी 'उठला' इथपर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. पोरगी माझी बिनलग्नाची राहिली."

मी तिथूनच होणाऱ्या व्याह्यांना फोन लावला, म्हटलं, लग्नाची तारीख काढू. म्हातारा तोंड फिरवून बसला.