मांडीखाली हात

साक्रीत ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक नाना आहेत. ब्राउझर अडकला, नुसतं चक्र फिरू लागलं, की ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात. कुणी घाबरलं तर म्हणतात, “मरेल नही, थांबेल शे.” म्हणजे मेलेलं नाही, नुसतं थांबलंय.

माझ्या कॉलेज प्रवेशाची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. चार वाजता पान तिसऱ्यांदा गोठलं.

“नाना, पुन्हा बटण दाबा ना!”

“हात लावू नको, भाऊ.”

ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं, म्हणजे एक्स्टेन्शन, त्यांनी एकेक करून बंद केली आणि दर वेळी पान उघडून पाहिलं. मराठी टायपिंगचं साधन काढल्यावर पान पाच वेळा न अडकता उघडलं. त्या साधनावरच ते लोकांचे अर्ज टाइप करत. “आता लोकांचे अर्ज हातानं लिहू,” एवढंच म्हणाले.

पावणेपाचला फॉर्म भरून झाला. त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. “शेवटचं बटण तू दाब. एकदाच.”

“तुम्हीच दाबा ना.”

“मागल्या साली एका पोरीचं पान असंच अडकलं. मी घाईत दोनदा दाबलं. दोन अर्ज गेले, दोन्ही बाद झाले.”

मी बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. बोट पुन्हा तिकडेच जायला लागलं, तसे मीही हात मांडीखाली घेतले. नानांचे आधीच तिथे होते.

पावती आली. प्रिंटर नानांच्या शेजारीच होता, पण हात बाहेर काढायला त्यांना बराच वेळ लागला.