अनुभव एकतीस वर्षं

बिराजदार अण्णांचा पहिला प्रश्न ऐकून निम्मे इंजिनिअर गोंधळायचे आणि उरलेल्यांतले चार-दोन सरळ फोन ठेवून द्यायचे. नाव, गाव, शिक्षण हे स्क्रीनवर असायचंच, ते अण्णा विचारत नसत. ते खुर्चीतून उठून उभे राहत, फोन दोन्ही हातांनी धरत आणि म्हणत, "साहेब, साइटवर शेवटचं काय पाडायला लावलं तुमी?"

आमचं ऑफिस जुळे सोलापुरात, एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे. बिल्डर लोक आमच्या वेबसाइटवर जाहिरात टाकतात. कुणाला साइट इंजिनिअर हवा असतो, कुणाला सर्व्हेअर, कुणाला सेफ्टी ऑफिसर. राज्यभरातून आणि पलीकडच्या कर्नाटकातूनही बायोडेटा येतात. जाहिराती लिहिणं आणि बायोडेटा चाळणं हे माझं काम. चाळून उरलेल्यांना फोन करून पारखणं हे अण्णांचं. त्यांनी होकार दिला की नावापुढे हिरवी खूण लागायची, आणि बिल्डर त्या खुणेसाठीच आमच्याकडे यायचे. अण्णा स्वतः सातवी पास होते.

आमचे मालक प्रसादसर यांचं घर अण्णांच्या देखरेखीखाली बांधलं गेलं होतं. गवंड्याच्या हाताखाली सुरुवात करून ते सुपरवायझर झाले होते. पुढे परांचीवरून पडून त्यांचा गुडघा गेला, जिने चढणं संपलं, तेव्हा सरांनी त्यांना ऑफिसात आणून बसवलं. माझ्या पहिल्या दिवशी मी त्यांना वॉचमन समजून पाण्याचा जार आत ठेवायला सांगितला. त्यांनी तो लंगडत आणून ठेवला, मग माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून म्हणाले, "मी बी हितंच हाय की कामाला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदा पुण्याच्या एका इंजिनिअरने त्यांच्या प्रश्नावर ऐटीत सांगितलं, "माझ्या कामात पाडायची वेळच येत नाही." अण्णांनी आभार मानून फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ह्यो साइटवर जातच न्हाय, ताई. धा वर्सं काम केलं आन् कायबी चुकलं न्हाय, असं हुतंय व्हय?" त्याच दुपारी मंगळवेढ्याकडचा एक जण घाबरत घाबरत म्हणाला की कॉलमच्या आत पोकळी दिसली म्हणून अख्खा कॉलम फोडायला लावला, ठेकेदार महिनाभर बोलला नाही. अण्णांनी त्याला विचारलं, "जेवलास का?" हे विचारलं की समजायचं, माणूस पास झाला. समोरचा अक्कलकोटकडचा असला तर हेच कानडीत विचारायचे, आणि मग गप्पा लांबायच्या.

शिकलेल्यांचा त्यांना राग नव्हता. "शिकल्याला माणूस पायजेच," असं ते म्हणायचे. "आमचं घोडं तितंच अडलं. पर शिकल्याला असून भ्याल्याला असला, तर इमारतीचं लई वाईट."

मग एका मोठ्या कंपनीने आमच्याशी करार करायचं ठरवलं. त्यांच्याकडून एक तक्ता आला. उमेदवारांची पडताळणी कोण करतं, त्याचं नाव आणि शिक्षण त्यात भरायचं होतं. सर दोन दिवस त्या शिक्षणाच्या रकान्यासमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अण्णांच्या जागेसाठी जाहिरात लिही. सिव्हिल डिप्लोमा अनिवार्य. आपल्याच वेबसाइटवर टाक." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मूग गिळून बसले आणि जाहिरात लिहिली. इतर जाहिरातींना लागतो तेवढाच वेळ लागला.

अण्णांनी ती माझ्या स्क्रीनवर वाचली. सावकाश, दोनदा.

"ताई, ही जागा माजीच हाय न्हवं?"

मी मान डोलावली.

"मग माजा अर्ज भरा की."

मी नाव भरलं. मोबाइल नंबर भरला. अनुभव एकतीस वर्षं. शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवल्यावर यादी उघडली, ती डिप्लोमापासूनच सुरू होत होती. ती यादीही मीच तयार केलेली. काही निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मी हळूच म्हटलं, "अण्णा, डिप्लोमा टाकू का? निदान पुढे तरी जाईल."

ते माझ्यावर रागावले ते तेव्हा एकदाच. "खोटं धरायलाच बसलोय मी हितं. ऱ्हाऊ द्या. बंद करा त्ये."

मी बंद केलं.

त्या जागेसाठी अर्ज केलेल्यांनाही फोन अण्णांनीच केले, कारण दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. दर वेळी तसेच उभे राहून, तोच प्रश्न. चौथ्या फोनवरच्या मुलीने सांगितलं, "काहीच पाडलं नाही. मी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, तर ते पान फाडलं. मग मी पुन्हा लिहिलं." अण्णांनी तिला जेवणाचं विचारलं, आणि सरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "हिला घ्या. वाकणार न्हाय ही."

आठवडाभर त्यांनी तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं. शनिवारी डबा पिशवीत घातला, सरांना नमस्कार केला आणि निघाले. मी रिक्षापर्यंत गेले. त्यांची पिशवी मी आत ठेवून दिली. परत येऊन मी राहिलेले बायोडेटा चाळले. मला रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि ते बरंही वाटत नव्हतं.

पाच महिन्यांनी अण्णा गेले. झोपेतच. मी त्यांच्या घरी जाऊन बायकांमध्ये बसले. आजूबाजूला सगळ्या रडत होत्या आणि मी चपला कुठे काढल्या ते आठवत होते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांच्या सुनेचा ऑफिसात फोन आला. मीच उचलला.

"मामांच्या फोनवर तुमच्या कंपनीचा मेसेज येतोय बगा, दर सोमवारी. तुमचा अर्ज अपूर्ण आहे, पूर्ण करा म्हणून. मामा हुते तवाबी यायचा. त्ये वाचायचे, पर कदी पुसला न्हाय. आमाला वाटायचं, तुमी परत बोलावताय त्यास्नी. इचारलं की नुसतं हसायचे. आता काय करायचं ह्येचं?"

मी म्हटलं, "आता नाही येणार."

फोन ठेवून मी जुन्या अर्जांत शोधलं. अण्णांचा अर्ज तिथेच होता, शिक्षणाच्या रकान्याला लाल चौकट. पुसून टाकला असता तरी मेसेज थांबला असता. पण मी यादी उघडली आणि डिप्लोमाच्या वर एक नवी ओळ घातली, 'सातवी पास'. ती निवडली. रकान्याची लाल चौकट गेली, पुढचं पान उघडलं, आणि मी अर्ज पाठवून दिला. सगळं मिळून तीन मिनिटंही लागली नाहीत.