तुमच्या घरी पाणी कोठून येते?

सहामाहीचे पेपर तपासायला मी नेहमी खिडकीजवळ बसते, कारण त्या दिवसांत शाळेच्या मागचा बूच फुललेला असतो आणि तिसरीच्या मुलांनी घासून घासून काळ्या केलेल्या कागदांच्या रबरी वासावर त्या फुलांचा गार, किंचित गोडसर गंध अलगद पसरतो. पाऊस नुकताच सरलेला, ऊन पिवळं होऊ लागलेलं, पेठेतल्या रस्त्यावर आकाशकंदिलांची पहिली दुकानं लागलेली. अशा प्रसन्न सकाळी एकाच प्रश्नाचं एकच उत्तर वर्गातल्या प्रत्येकाच्या अक्षरात पुन्हा पुन्हा वाचायचं, ही शिक्षा ज्याने कुणी शोधून काढली त्याचा मुलांवर काहीतरी राग असावा, असं मला दरवर्षी वाटतं.

विषय परिसर अभ्यास. प्रश्न होता, ‘तुमच्या घरी पाणी कोठून येते?’ आणि सर्वांचं उत्तर होतं, ‘आमच्या घरी धरणातून नळाद्वारे पाणी येते.’ हे वाक्य आदर्श उत्तरपत्रिकेतून मीच फळ्यावर लिहिलं होतं, मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं, घरी पाठ केलं होतं आणि पेपरात पुन्हा जसंच्या तसं उतरवलं होतं. विचारलं होतं प्रत्येकाच्या घराविषयी. पण वर्गातली सगळी मुलं जणू एकाच घरात राहत होती आणि त्या घरात मोठ्या शिस्तीने पाणी येत होतं.

ओवीच्या पेपरावर हात थांबला. ओवी वारज्याच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत उगवलेल्या एका नव्या सोसायटीतून व्हॅनने येते. तिने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी पाणी टँकरमधून येते. टँकर आला नाही की सगळे ग्रुपवर भांडतात. मग चेअरमनकाका फोन बंद ठेवतात.’ मी खिडकीशी एकटीच मोठ्याने हसले आणि दोनपैकी दोन गुण देऊन टाकले. माणसांना एकत्र राहायचं तर काहीतरी लागतं, ते दुसरं कुणीतरी आणून देतं, ते आलं नाही की घराघरांत ठिणग्या उडतात आणि ज्याने उत्तर द्यायचं तोच नेमका गायब होतो, हे सगळं आठ वर्षांच्या मुलीने तीन ओळींत लिहिलं होतं. समाजशास्त्र याहून निराळं काय असतं, मला तरी माहीत नाही.

आमच्या पर्यवेक्षिकाबाई स्वभावाने वाईट नाहीत. सगळ्या तुकड्यांचा ताळमेळ राहावा म्हणून त्या प्रत्येक गठ्ठ्यातले काही पेपर हिरव्या पेनने पुन्हा पाहतात, आणि नशीब असं की ओवीचा पेपर त्यांच्या हाती लागला.

“टँकर हा पाण्याचा स्रोत नव्हे,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण तिच्याकडे टँकरच येतो.”

“येऊ दे की. उद्या कुणी लिहील, फ्रिजमधून येतं. त्यालाही आपण गुण देणार का?”

अशा वेळी मला काही सुचत नाही आणि घरी गेल्यावर भाजी फोडणीला टाकताना चार फर्डी उत्तरं सुचतात, हा माझा जन्माचा रोग आहे. पालक पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहतात, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं दिसायला नको, असं बाईंनी मला शांतपणे समजावलं आणि माझ्या लाल दोनावर हिरवी रेघ ओढून शेजारी शून्य मांडलं. मला संताप आला. बाईंचा आला, आदर्श उत्तरपत्रिकेचा आला आणि त्याहूनही, ते धरणाचं वाक्य इतकी वर्षं तितक्याच सुबक अक्षरात फळ्यावर लिहिणाऱ्या माझ्या हाताचा आला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटूनच ठेवलं आणि ओवीचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मग म्हटलं, आता प्रत्येकाने आपापल्या घरचं खरं सांगायचं. आधी मुलं माझ्याकडे संशयाने पाहत होती, यात काहीतरी फसवणूक असणार अशा नजरेने. मग एक हात वर आला, आणि त्यानंतर मला वर्ग आवरेना. कुणाकडे पहाटेच पाणी येऊन जातं म्हणून आजी गजर लावून उठते. कुणाकडे बोअरचं येतं आणि त्याने बादल्यांना पांढरा थर धरतो. कुणाकडे वरच्या मजल्यावर चढतच नाही म्हणून खालच्या काकूंकडून भरून आणतात आणि काकू दर वेळी बोलून दाखवतात. शेवटच्या बाकावरचा शंभू, शहराचं सांडपाणी घेऊन नदी जिथून पुढे जाते त्या लोणी काळभोरच्या आपल्या मामाविषयी अभिमानाने सांगू लागला.

“बाई, मामाच्या विहिरीवरच टँकर भरत्यात. लई पाणी हाय तिला.”

“मग मामा तेच पाणी पितात?” ओवीने मागे वळून विचारलं.

“न्हाई. ते प्यायला जार आणत्यात.”

का बरं, असा प्रश्न त्या सगळ्या चेहऱ्यांवर एकाच वेळी उमटलेला मी पाहिला. तिसरीच्या मुलांना गडांची नावं यावीत, नकाशातल्या दिशा याव्यात, सण आणि पोशाख यावेत, माझी काही तक्रार नाही. पण आपल्या पेल्यातलं पाणी कुणाच्या अंगणातून आलं आणि तिथे मागे काय उरलं, एवढा प्रश्न पडणं हा माझ्या मते या विषयाचा पहिला धडा आहे. तेवढ्यात दारात पर्यवेक्षिकाबाई उभ्या राहिल्या. फार गडबड होतेय, म्हणाल्या. मी पुस्तक उघडलं.

पेपर दाखवण्याच्या दिवशी ओवीची आई ऑफिसमधून अर्धा दिवस काढून आली होती. माझं बोलणं मी तयार ठेवलं होतं: गुण गेले ते माझ्या हातात नव्हतं, पण उत्तर खरं आहे, तिला शाबासकी द्या. ते बोलायची वेळच आली नाही. शून्य पाहून आई ओवीकडे वळली, आवाजात राग नव्हता, फक्त दमणूक होती.

“अगं, बाईंनी लिहून दिलं होतं ना? मग तेच लिहायचं ना.”

“पण आपल्याकडे टँकरच येतो.”

“ते आपल्याला माहितीये, बेटा. पेपरमध्ये नसतं लिहायचं.”

मी ओवीच्या बाजूने बोलले, बरंच बोलले. आई नम्रपणे हसली, “हो बाई, यू आर राइट,” म्हणाली आणि घड्याळाकडे पाहू लागली. ओवी मात्र आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होती, कुणाचं ऐकायचं ते ठरवत असल्यासारखी.

एप्रिलमध्ये नदीचं पात्र आटतं आणि पुलावरून जाताना गरम वाऱ्याबरोबर तो कुबट, सडका वास थेट नाकात शिरतो. ओवीच्या व्हॅनमधल्या मुलांचा त्यावर एक खेळ आहे. पूल लागला की सगळ्यांनी नाक दाबायचं, जो आधी सोडेल तो आउट. ओवी कधीच आउट होत नाही, हे तिनेच मला सांगितलं होतं. वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, ‘तुमच्या परिसरातील नदीविषयी दोन वाक्ये लिहा.’ वेळ संपल्यावर पेपर गोळा करताना मी तिच्या बाकाशी थांबले आणि, खरं सांगते, आशेने वाचू लागले. ‘आमच्या परिसरात मुठा नदी आहे. तिचे पाणी स्वच्छ व निर्मळ आहे.’

“ओवी,” मी हळूच विचारलं, “पाणी खरंच स्वच्छ आहे का गं?”

कंपास भरता भरता तिने वर पाहिलं. मोठ्या माणसाने लहानाची समजूत घालावी, तसा तिचा चेहरा झाला.

“बाई, ते उत्तर आहे.”

आणि दप्तर खांद्याला लावून ती मैत्रिणींच्या मागे पळाली. तो पेपर अजून माझ्यापुढे आहे. अक्षर सुरेख, दोन्ही वाक्यं शुद्ध, आणि गुण किती द्यावेत ते मला कळत नाही.