रविवारचा पिक्चर, शुक्रवारी

पिक्चर पाहताना मी खुर्चीला टेकून बसत नाही. थोडा पुढे झुकून, हात गुडघ्यांवर ठेवून बसतो. बायको म्हणते, तुम्ही पिक्चर पाहायला येता की धाड टाकायला. तिचं काही चुकत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी घरोघरचे विजेचे मीटर तपासण्यात घालवली. दारात गेलं की घरमालक हसतमुखाने चहा विचारायचा, आणि चहाचा आग्रह जितका जास्त तितका मी आधी मागच्या भिंतीकडे जायचो, वायर कुठून कुठे गेली आहे ते पाहायला. निवृत्त होऊन मनीषनगरात फ्लॅट घेतला, तरी ती खोड काही गेली नाही. पडद्यावर कोणी फार गोड बोलायला लागलं की माझी नजर त्याच्या मागच्या भिंतीकडे जाते.

तर माझी मतं. ती कोणी विचारलेली नाहीत, पण सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात मत नसलेल्या माणसाला बाकावर जागा मिळत नाही.

दक्षिणेतून हिंदीत डब होऊन येणारे मारामारीचे पिक्चर मी सगळे पाहतो. नायक चालतो तेव्हा गावभर धूळ उडते, पण त्याच्या पायावर कणभरही बसत नाही. एका बुक्कीत सहा माणसं उडतात हे मी मान्य करतो, चिडलेल्या माणसात ताकद येते. पण त्या सहांपैकी एकजणही उठून गुपचूप घरी का जात नाही? एका पिक्चरमध्ये नायिकेने खलनायकाच्या डोळ्यांत मूठभर तिखट फेकलं आणि दोन मिनिटांत तो पुन्हा तिच्या मागे धावायला लागला. ते तिखट भिवापूरचं नव्हतं, एवढं मी तिथेच बायकोला सांगितलं. खेळाडूंवरच्या पिक्चरमध्ये प्रशिक्षक आधी नाही म्हणतो, मग पाऊस पडतो, मग तो हो म्हणतो. पाऊस नसता पडला तर काय केलं असतं, हे कोणी दाखवत नाही. देशभक्तीच्या पिक्चरमध्ये टाळ्या कुठे वाजवायच्या ते संगीत सांगतं. मी वाजवतो, पण एक डोळा शेजारच्यावर ठेवून. आणि मराठी पिक्चरमधला आमच्याकडचा माणूस नेहमी एक तर खादाड असतो नाही तर बावळट. हे लिहिणारे कधी वर्धेच्या अलीकडे आलेत का, याचीच मला शंका आहे.

भुताचे विनोदी पिक्चर मात्र मला आवडतात. आपण थापा मारतोय हे ते पहिल्या पाच मिनिटांतच कबूल करतात.

सर्वांत जास्त अविश्वास माझा रडवणाऱ्या पिक्चरवर. आमच्या खात्याला खांबावरच्या तारेवर आकडा टाकून वीज घेणारे भेटायचे. मीटरला पत्ता नाही आणि घरात दिवे लख्ख. हे पिक्चर तसेच आपल्यावर आकडा टाकतात. असा एक पिक्चर मी सहा-सात वर्षांपूर्वी अर्ध्यातून सोडून आलो होतो. त्याबद्दल माझं काही मत नाही. एसी फार होता, असं तेव्हा सांगितलं होतं.

आमच्या घरची पद्धत अशी की कुठला पिक्चर पाहायचा हे गुरुवारी मी ठरवतो, टोळक्यात ज्यावर जास्त भांडण चालू असेल तो. रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघं जातो. बायकोला पिक्चर मनापासून आवडतात. निदान माझी तशी समजूत होती.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. विनोद पुरता व्हायच्या आधीच ती हसायची. अख्खं थिएटर दचकलं तरी ती शांतपणे पदर सारखा करत असायची. आणि मध्यंतरानंतर केव्हातरी, ऐन रंगात आलेला पिक्चर सोडून, मला बाहेर पाठवायची. कधी पाणी आणा, कधी पॉपकॉर्न, एकदा तर गाडीला कुलूप लावलं का ते पाहून या. मध्यंतरात विचारलं तर काही नको म्हणायची. दर रविवारी नाही, पण चारातल्या दोन रविवारी नक्की. परत येऊन मी काय झालं विचारलं की म्हणायची, काही नाही, गाणं होतं.

माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरे होतं. मी मनात नोंदी करायला लागलो. शुक्रवारी सकाळी ती महिला मंडळात जाते, निदान मला तसं सांगून जाते. एका शनिवारी भाजीबाजारात मंडळाच्या अध्यक्षबाई भेटल्या आणि म्हणाल्या, वहिनींची तब्येत बरी आहे ना, बरेच महिने आल्या नाहीत. मी म्हटलं, बरी आहे. घरी येऊन तिला काही विचारलं नाही. विचारलं की माणूस वायर काढून ठेवतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोलतेय आणि मला कारण माहीत नाही, हे मला फार लागलं. नको नको ते मनात आलं. या वयात असं मनात येतं याची लाजही वाटली, पण आलं.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. थिएटरच्या दारात पर्स तपासणारी बाई तिच्याकडे पाहून ओळखीचं हसली आणि म्हणाली, "काकू, परवा सकाळी तर पाहून गेल्या ना हा पिक्चर? लयच आवडला दिसते."

बायको म्हणाली, दुसरी कोणी असेल. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हा सूर मी हजार दारांत ऐकलेला होता.

त्या दिवशी पिक्चरमध्ये काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. मी पडद्याकडे पाहत होतो आणि डोक्यात एकच चक्र फिरत होतं. शुक्रवारी ती इथे कोणाबरोबर येते? आणि ज्याच्याबरोबर येते त्याच्याबरोबर पाहिलेलाच पिक्चर पुन्हा माझ्याबरोबर पाहून तिला काय मिळतं? मध्यंतर झालं. काही हवंय का विचारलं, नको म्हणाली. पुन्हा अंधार झाला. पाऊण तासाने तिने माझ्या कोपराला हात लावला.

"अहो, पाणी आणून देता का? मायावाला घसा सुकून राहिला."

मी उठलो. दारापर्यंत गेलो, दार उघडून आवाज होईल असं बंद केलं, आणि आतल्याच बाजूला दाराच्या पडद्याच्या घडीत उभा राहिलो. चोर पकडायची ही माझी जुनी रीत होती.

पडद्यावर नदी होती. दोन भाऊ, दोघेही मोठे, लग्नाच्या वयाचे. थोरला काठावर बसला होता, धाकट्याचे कपडे मांडीवर घेऊन. धाकटा पाण्यात दूरवर गेला होता आणि हात वर करून हसत होता. मग हात दिसला, डोकं दिसेना.

माझा धाकटा भाऊ खाप्याला कन्हान नदीत असाच गेला. बावीस वर्षांचा होता, नुकतीच नोकरी लागली होती. त्याचं घड्याळ भिजू नये म्हणून माझ्या मनगटावर बांधलेलं होतं. त्याने हात वर केला तेव्हा मला वाटलं मस्करी करतोय, आणि मीही काठावरून हात हलवला. सहा-सात वर्षांपूर्वीच्या त्या पिक्चरमध्ये अशीच नदी आली तेव्हा मी भर थिएटरमध्ये उभा राहून ओरडलो होतो, पकडा त्याले, पकडा त्याले. लोक हसले होते. बायकोने मला हाताला धरून बाहेर आणलं, रिक्षात बसवलं, आणि त्यावर आम्ही पुन्हा एक शब्द बोललो नाही. एसी फार होता, म्हटलं मी. ती हो म्हणाली.

मी पडद्यावरून नजर काढली आणि आमच्या रांगेकडे पाहिलं. सगळी माणसं समोर पाहत होती. एकटी बायको मान वळवून दाराकडे पाहत होती, मी मधेच परत तर येत नाही ना म्हणून. तिला मी दिसू नये म्हणून दाराच्या पडद्याची घडी पुढे ओढून घेतली.

म्हणजे दर शुक्रवारी ती एकटी येऊन मी ठरवलेला पिक्चर आधी पाहून घेत होती. नदी कधी येते, किती वेळ राहते, हे लक्षात ठेवत होती. मला एकदाही दिसू नये म्हणून स्वतः दोनदा पाहत होती. आणि तिचाही तो दीरच होता. आमच्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तोच नाचला होता.

मी बाहेर जाऊन पाण्याची बाटली आणली. जागेवर आलो तेव्हा पडद्यावर लग्न चाललं होतं. गर्दी होती का, तिने विचारलं. होती, म्हटलं. तिने बाटली उघडली आणि एक घोटही न पिता मांडीवर ठेवली. काय झालं मधे, मी विचारलं. काही नाही, ती म्हणाली, गाणं होतं.

पुढच्या गुरुवारी मी पिक्चर ठरवला आणि ती पोळ्या लाटत होती तिथे जाऊन म्हटलं, "उद्या सकाळी मीपण येतो."

तिचं लाटणं थांबलं. "उद्या तर मंडळ आहे."

"त्या मंडळातच येतो."

तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी पाहिला नाही अजून. नदी असन तर?"

"असू दे," मी म्हटलं. "तू बाजूले राहशील ना."

शुक्रवारी सकाळच्या खेळाला थिएटरमध्ये आम्हाला धरून नऊ माणसं होती. मध्यंतरानंतर नदी आलीच. चांगली दुथडी भरून वाहणारी. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं, घड्याळ बांधतो तिथेच. नायकाने उडी मारली, खूप वेळ दिसला नाही, आणि मग तो पलीकडच्या काठावर बाहेर आला, केस नीट विंचरलेले, जवळजवळ कोरडे. एवढ्या पुरातून कोणी असा बाहेर येत नाही, हे मला तिला सांगायचं होतं. पण तिने मनगट अजून सोडलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.