दाखल्याचा लिलाव

माझ्या मामाला कुजबुजता येत नाही. यात त्याचा दोष नाही, त्याचा धंदाच तसा आहे. भाजीबाजारात उलट्या क्रेटवर उभं राहून मालाची बोली पुकारायची, हे काम तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलाय. समोर टोमॅटोचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचा गराडा आणि वर मामाचा आवाज. बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणतात. मामी म्हणते, भोंग्याला निदान बटण तरी असतं.

त्या बाजारात पूर्वी भाव ठरायचे ते रुमालाखाली. दोन माणसं रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, आणि ज्याचा माल तो बिचारा बाजूला उभा राहून नुसता रुमाल बघायचा. ती पद्धत मोडून उघडा लिलाव सुरू झाला, तेव्हा पुकारणाऱ्यांना एकच नियम घालून दिला गेला. कानावर पडलेला भाव तोंडातून बाहेर आलाच पाहिजे, मग तो कुणी कानात का सांगितलेला असेना. भाव गिळणाऱ्याला पुन्हा क्रेटवर चढू देत नाहीत. मामाने हा नियम इतकी वर्षं पाळलाय, की तो आता त्याच्या हातात राहिलेला नाही. एकदा डॉक्टरांनी त्याला जवळ बोलावून हलक्या आवाजात साखरेचा आकडा सांगितला, तर बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटना तो मामाकडूनच समजला. त्यातल्या एकाने म्हणे आपली त्याहून जास्त असल्याचंही सांगून टाकलं.

तर अशा माणसावर आमच्या घराने लाच द्यायचं काम सोपवलं. आता बोला.

झालं होतं असं, की नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं होतं. वडील गेल्यापासून आई आणि मी मामाकडेच राहत होतो. फी भरायची ऐपत नव्हती, पण उत्पन्नाचा दाखला जोडला की फी माफ होणार होती. दाखला द्यायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी संपत होती आणि तो दिला नाही तर माझी जागा पुढच्या मुलीला जाणार होती. दाखला तयार होता. सही झाली होती, शिक्का बसला होता. फक्त तो कारकुनाच्या खणात होता आणि तिथून हलत नव्हता. आज साहेब नाहीत, उद्या रजिस्टर नाही, परवा या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मलाही माहीत होतं, पण माझ्याकडे सहा महिने कुठले? शेवटी तिथल्या शिपायालाच दया आली. ताई, म्हणाला, हात ओले केल्याशिवाय तो खण उघडत नाही.

मामा भडकला. रुमालाखालच्या भावाला ज्याने जन्मभर शिव्या घातल्या, तो टेबलाखालचा भाव कसा देणार? आईला काही सुचेना, ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. शेवटी मामी म्हणाली, "अहो, तत्त्व तुमचं, पण वर्ष पोरीचं जाणार." अडला हरी गाढवाचे पाय धरी. मामाने घरातले होते नव्हते ते पैसे खिशात घातले. निघताना मामीने त्याला बजावलं, तिथे तोंड उघडायचं नाही, नुसती मान हलवायची.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली. छताला टेकलेले दोरीने बांधलेले गठ्ठे, एक पाय विटेवर टेकवलेलं बाक आणि कारकुनापुढे काच. काचेला बोलायचं भोक इतकं खाली, की कारकुनाशी बोलायचं तर प्रत्येकाला वाकावंच लागायचं. मला तर वाटतं, ते मुद्दामच तसं केलं होतं. आमच्यामागे रांगेत एक गवंडी, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आणि एक निवृत्त पोस्टमन उभे होते. त्यांच्याही मागे बरेच जण होते.

कारकून चेहऱ्याने अगदी सज्जन. केस चापूनचोपून बसवलेले, आवाज लोण्यासारखा. काम होऊन जाईल, म्हणाला, पण जरा खर्च येतो. मामाने मान हलवली. फार नाही, म्हणाला. मामाने पुन्हा मान हलवली आणि खिशात हात घातला. मला हायसं वाटलं. मग कारकून पुढे झुकला, भोकाशी तोंड आणलं आणि अगदी हळूच म्हणाला, "पाचशे."

"पाचशे!" मामा गरजला. "पाचशेची बोली आली, पाचशे!"

कारकुनाच्या मागच्या टेबलावरची टायपिंगची टकटक थांबली. मामाने स्वतःच दचकून तोंडावर हात दाबला. त्याचे डोळे बघून मला कळलं, की हे त्याने मुद्दाम केलेलं नव्हतं. आणि हेही कळलं, की माझी जागा गेली.

तेवढ्यात मागून गवंडी म्हणाला, "पाचशे? माझ्याकडे तर आठशे मागितले." बिचारा स्वतःशीच बोलत होता, पण आकडा मामाच्या कानावर पडला होता.

"आठशे! गवंडीदादांचे आठशे!"

त्यानंतर कुणालाच काही आवरलं नाही. शिवणकामवाल्या बाईंनी आपले सहाशे सांगितले, वर कारकुनाच्या घरचे पडदे फुकट शिवून दिलेले तेही सांगितलं. पोस्टमन म्हणाले, माझं पेन्शन बघून तीनशेवर भागवलंय. मामा एकेकाचा भाव पुकारत होता. बाजारात पुकारतो तसाच, कुणावर राग नाही की कुणाची टिंगल नाही. रांग आधी दबकत हसली, मग पोट धरून हसायला लागली. इतके दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी माणसं ती. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच नाडले जातोय.

कारकुनाला घाम फुटला. "अहो, हळू बोला," तो म्हणाला. "दोनशे द्या आणि जा."

"दोनशे! भाव उतरला, दोनशे!"

"बरं, शंभर."

शंभरही पुकारले गेले. मामाच्या लिलावात भाव खाली यायची ही पहिलीच खेप असावी. शेवटी कारकुनाने हात जोडले. "बाबा रे, काही नको. काही नको मला."

मामाच्या हिशेबी हाही भावच. "काही नको! काही नको, एक वार. काही नको, दोन वार."

आणि अख्खी रांग एका सुरात म्हणाली, "तीन वार."

तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडून साहेब बाहेर आले आणि कसली गडबड आहे म्हणून विचारू लागले. कारकून ताडकन उभा राहिला. म्हणाला, काही नाही साहेब, दाखले वाटतोय. साहेबांनी रांगेकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं. मग वाटा, म्हणाले, मी इथेच उभा आहे. त्यांना आधी काहीच माहीत नव्हतं की सगळंच माहीत होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण खण उघडला. बाजारात तीन वार झाले की तो भाव अख्ख्या ढिगाला लागू होतो, तसंच इथेही झालं. माझ्यामागोमाग गवंड्याचा, बाईंचा, पोस्टमनचा, सगळ्यांचेच दाखले बाहेर आले.

बाहेर येताच मामा पायरीवर मटकन बसला. "पोरी, मी द्यायलाच आलो होतो गं," तो म्हणाला. "तुझ्या वर्षाशी खेळायचं नव्हतं मला. तोंडानेच ऐकलं नाही."

मी त्याच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि हसूही. मी म्हणाले, "मामा, तुझ्या तोंडाने ऐकलं असतं ना, तर माझी जागा मी विकत घेतली असंच मला जन्मभर वाटत राहिलं असतं."

मामाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि तो उठला. कॉलेजात आम्ही वेळेत पोचलो. खिडकीवरच्या बाईंनी दाखला ठेवून घेतला आणि प्रवेश पक्का झाल्याचं सांगितलं, तेही अगदी हळू आवाजात. मग मामाने ते वरच्या मजल्याला, खालच्या मजल्याला, बाहेर सायकली लावणाऱ्या मुलींना आणि घरापर्यंतच्या सगळ्या रस्त्याला सांगितलं. एरवी मी त्याची बाही ओढून म्हणते, मामा, हळू. त्या दिवशी म्हटलं नाही.