ग्रहण, विळी आणि माझा 'नॉर्मल' रिपोर्ट

काल अकोटला बहिणीकडे, वंदनाकडे गेलो होतो. हातात निधीचा नवा रिपोर्ट आणि डोकं तापलेलं... अमरावतीहून एसटीत बसल्यापासून काय काय सुनावायचं याची तयारी चालली होती.

निधी म्हणजे माझी भाची, नऊ वर्षांची. दीड वर्षापासून तिला कमी ऐकू येतं आणि ते वाढतच चाललंय. डॉक्टरांनी कानाची मशीन दिली, पण ती डबीसकट कपाटात पडून. कारण वंदनाच्या सासूबाईंच्या मते हा दोष ग्रहणाचा.

"पोटुशी असतानी हिनं ग्रहणात विळी घेतली. मी नाई नाई म्हणून राहिली होती, आयकलंच नाई..." हे मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. भोपळा चिरला म्हणून पोरीचे कान गेले. उपाय काय, तर शांती करा. मशीन लावली तर लोकांना कळेल ना.

आणि यात तेल ओतलं कोणी? मी. पहिल्या जनुक तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा मीच तो वाचला आणि सगळ्यांसमोर शहाणपणानं सांगितलं, जीन नॉर्मल आहे. सासूबाईंनी तेवढंच उचललं. आमच्या खानदानात खोट नाही, म्हणजे सुनेच्याच हातून झालं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. जीन सगळ्या पेशींत तोच, पण त्यातला कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळं ठरतं. याला अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग म्हणतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो... आणि घरच्या पोरीच्या वेळी विसरलो.

दुसऱ्या तपासणीत आईबापाचंही रक्त घेतलं, तेव्हा सापडलं. एक छोटा तुकडा आहे, जो कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी जोडून घेतात आणि बाकीच्या बहुतेक पेशी गाळून टाकतात. त्याच्या शेजारचं डीएनएचं एक अक्षर बदललंय, म्हणून कानात तो जोड चुकतो. पहिल्या तपासणीनं तिथे पाहिलंच नव्हतं.

वंदना ब्लाउज शिवते. मी समजावत होतो तर मधेच म्हणाली, "म्हंजे कापायचा फर्मा एकच. पण कानाच्या शिलाईत एक कळीचा तुकडा जास्तीचा लागते, अन् तिथलीच खूण चुकली." माझ्या बीएस्सीच्या पोरांना हे कळायला दोन लेक्चर जातात.

आणि हा बदल निधीला आला होता बापाकडून.

त्या घरात सगळे ओरडून बोलतात. सासूबाई तरुणपणी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला होत्या, वंदनाचा नवरा आजही तिथेच आहे, त्यामुळे मशिनींच्या आवाजानं दोघांचे कान गेले असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. यंदा कापूसच नाही, जिनिंग बंद. तरी काल जेवताना सगळे ओरडतच होते.

मग माझा तोल गेला. म्हटलं, मावशी, हा बदल तुमच्या मुलाकडून आलाय. तुमच्या कानाला जिनिंग आणि हिच्या पोटाला ग्रहण, हा कुठला न्याय? आवाज चढवूनच बोललो... न चढवता त्यांना ऐकू तरी कुठे येणार होतं.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "माह्या मायलेबी कमीच आयकू ये... ते तं कदी जिनिंगात गेली नाई."

एवढंच. उठल्या, कपाटातून ती डबी आणली आणि वंदनापुढे ठेवली. वंदनाच्या डोळ्यांना पदर लागला.

वंदनानं निधीच्या कानात मशीन बसवली. आजीनं नेहमीच्या आवाजात हाक मारली तशी पोरगी दचकली आणि म्हणाली, "आजी, हळू बोल ना... येते मले आयकू."

परतीच्या एसटीत राग तसाच होता, फक्त त्याचं तोंड माझ्याकडे वळलं होतं. दीड वर्ष माझ्या बहिणीनं त्या विळीचं ऐकून घेतलं. तिची माफी कोणीच मागितली नाही... मीसुद्धा नाही. उपदेश करून, जेवून, निघून आलो.

तो 'नॉर्मल' मी चारचौघांत म्हणालो होतो. म्हणून हेही चारचौघांत, तिला विचारूनच लिहितोय.

वंदना, तुझं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं.