बासवाल्यानं कागद वाचावा का?

वडील अर्धापूरला केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रकात भरायचे, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायची. मुखेडकडच्या आमच्या गावात स्वतःचं रान नव्हतं. घरी सरकारी कागद आला की वाचून घ्यायला शेजारी जावं लागायचं. पुढं मी नांदेडला राहून बी.ए. झालो, घरातला पहिलाच. हे मी कुठंही सांगतो, त्यात लाजायचं काय.

कॉलेजात असल्यापासून भीमगीतं गाणाऱ्या एका गायन पार्टीत बास गिटार वाजवत होतो. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, आमच्यात कुणालाच वाचता येत नव्हतं. बासवाल्यानं कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडं बघायचं, करंगळी पडेल तो सूर धरायचा. एवढंच शिक्षण. तेवढ्यावर मी सात वर्षं काढली.

मग कळलं, लातूरच्या एका संगीत शाळेला बास शिकवणारा माणूस हवाय. अट एकच, समोर ठेवलेलं नोटेशन वाचून वाजवायचं. मला ते काम हवंच होतं. कीबोर्डचं एक जुनं पुस्तक आणलं आणि उजव्या हाताचे सूर ज्यांवर लिहितात त्या पाच रेघा चार महिने खोलीत एकटाच घोकत बसलो.

पार्टीतल्या ढोलकीवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "पेपर देऊन राहिला का रं? बासला कान लागतो, चष्मा न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो.

लातूरच्या शाळेतल्या मॅडमनी कागद ठेवला. मी कुठंही न अडखळता वाजवला.

"हे काय वाजवलंत?"

"कागदावरचंच, मॅडम."

"बासच्या रेघांना सुरुवातीचं चिन्ह वेगळं असतं. तुम्ही कीबोर्डच्या उजव्या हाताचं समजून वाचलंत. प्रत्येक सूर दोन पायऱ्या खाली गेला, प च्या जागी ग. ऐकताना खटकलं नाही?"

खटकलं होतं. पण छापलेलं चुकीचं कसं असेल, म्हणून मी कानालाच गप्प बसवलं होतं.

काम मिळालं नाही, परत आलो. पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली, या वेळी बासच्या. चुकलं तर सांगणारा नांदेडात कुणी ओळखीचा नव्हता. पार्टीतही मी कीबोर्डकडं बघेनासा झालो, तसं त्यांचं मला चहाला हाक मारणं कमी झालं. फोनवर आई विचारायची, "काय करून राहिला?"

"अभ्यास."

"बी.ए. झाला नव्हं?"



मला विचाराल तर बासवाल्यानं वाचायला शिकावं, पण कान बंद करून वाचू नये. कानावर वाजवताना माणूस सारखा सोबत्याकडं बघत असतो. ती सोबत माझी गेली, आणि त्याचं वाईट वाटतं.

वर्षभरानं कळलं, ती जागा अजून रिकामीच आहे, म्हणून पुन्हा लातूरला गेलो. मॅडमनी नवे दोन कागद ठेवले, ते मी बरोबर वाजवले. आता त्या शाळेत मी बास गिटार शिकवतो.